पुढे गेलेलं पस्तान

दिनानाथ नाकेदारांनी जेवायला बसायचा पाट उचलून बोचक्यात घातला, तेव्हा चंद्राबाई देवापुढे बसून वाती वळत होत्या. हातातली वात त्यांनी पुरी केली, ताटलीत ठेवली आणि मगच मान वर केली.

"अहो, पाट कशाला?"

"आंब्याचा आहे. तरंगतो."

"नातीला बघायला पाटावर बसून जायचंय का?"

"तसं नाही गं. मचवा बुडालाच, तर धरायला काहीतरी नको?"

"मी असेन की शेजारी. मला धरा."

"तू तरंगत नाहीस," दिनानाथ मनापासून म्हणाले आणि पाटाला काथ्याचा दोर गुंडाळू लागले. तो दोर घरच्या विहिरीचा होता.

आगरदांड्याच्या बंदरावर दिनानाथ गेली कित्येक वर्षं नाकेदार होते. खाडीपलीकडे दिघीला कोण चाललं, काय घेऊन चाललं, हे वहीत लिहून घ्यायचं आणि जाऊ द्यायचं, एवढंच त्यांचं काम. नारळाच्या राशी, शेळ्या, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, माहेरपणाला निघालेल्या लेकी, सगळ्यांना त्यांनी खाडीपार पाठवलं होतं. स्वतः मात्र ते कधी पलीकडे गेले नव्हते. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर भरतीचं पाणी चढतं, तिथवर त्यांचा मुलूख. त्या पायरीपुढच्या पाण्याची त्यांना भीती वाटे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे.

नलूचं लग्न ठरलं ते पलीकडे, दिवेआगरला. वऱ्हाड इकडे आलं, लग्न इकडे झालं आणि नलू गेली. तेव्हाही दिनानाथ त्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले होते, मचव्याचं शीड पांढऱ्या पाखरासारखं लहान लहान होत जाईपर्यंत. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं; पण बाळालाच घाई झाली आणि ते सासरीच, दिवस भरायच्या आधी, जन्माला आलं. निरोप घेऊन मचवा हाकणारा रघू तांडेल आला, तो धक्क्यावरूनच ओरडत.

"काका, मुलगी झाली! मायलेकी खुशाल हायत. शुक्रवारी बारसं. आनि नलूताय बोलली, बाबा आल्याबिगर मी तिला पालन्यात घालनार न्हाय!"

दिनानाथांचा हात लिहिता लिहिता थांबला. आनंदानं त्यांचे डोळे भरले आणि मग, त्याच डोळ्यांनी, त्यांनी खाडीकडे बघितलं.

तेव्हापासून हे बोचकं भरणं चाललं होतं. इतकी वर्षं नाक्यावर बसून त्यांनी पाण्यातली संकटं फार ऐकली होती, आणि त्या प्रत्येक संकटावर एक वस्तू त्यांनी मनाशी नेमून ठेवली होती. सुकवलेले दोन पोकळ भोपळे, काखेत बांधले की माणूस बुडत नाही. धुक्यात वाट चुकली तर फुंकायला शंख. निर्जन किनाऱ्यावर अडकलो तर उन्हाची तिरीप पाडून दूरच्या माणसाला खूण करायला आरसा. पोफळीची विरी, कारण ती रुंद देठाची झावळी दुमडली की द्रोण होतो आणि नावेतलं पाणी उपसता येतं. मेणानं तोंड बंद केलेल्या करवंटीत काड्यापेटी. पोट ढवळलं तर ओवा. आणि मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या.

"हे कशाला? खाडीला फोडणी घालणार?"

"ओसाड जागा असते कुठे कुठे. काही बाहेरचं असलं तर ओवाळून टाकायला."

चंद्राबाई हसल्या नाहीत. माणूस भितो तेव्हा त्याला हसू नये, असं त्यांना वाटे. त्यांनी फक्त विचारलं, "आणि येणार ना नक्की?"

"म्हणजे काय! एवढं भरतोय ते कशाला?"

यावरच चंद्राबाईंचा भरवसा नव्हता. माणूस तयारीत जितका रमतो, तितका निघण्यापासून लांब राहतो, हे त्यांनी संसारात पाहिलं होतं. नलू तिकडे वाट बघत बसेल, पाळणा रिकामा राहील आणि हे इथे भोपळे मोजत बसतील. नलूच्या सासूबाई केसरबाई, बोलायला फटकळ. 'माहेरचं माणूस काही आलं नाही हो' हे वाक्य त्या नलूला जन्मभर ऐकवतील.

मुहूर्त पाहायला जोशीबुवांकडे गेले तर तिथे निराळंच निघालं. रजा मिळाली होती गुरुवारपासूनची, आणि गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, म्हणजे तिकडे निघणं अशुभ. दिघी नेमकी दक्षिणेला. दिनानाथांचा चेहरा उजळला. चंद्राबाईंनी तो उजळलेला पाहिला आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बुवा, पस्तान ठेवलं तर?"

"उत्तम!" बुवा म्हणाले. "सोमवारी सूर्योदयाला ठेवा."

चांगल्या दिवशी निघता येत नसेल, तर आपलं थोडं सामान त्या दिवशी वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. त्याला शास्त्रात प्रस्थान म्हणतात, बायका पस्तान म्हणतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग तो मागाहून कुठल्याही दिवशी जावो, दोष लागत नाही. अट एकच: निघालेलं सामान पुन्हा घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला.

धक्क्याजवळचं शेवटचं घर ठमाबाईचं. ती रघूची आत्या. नवरा गेल्यापासून सुकी मासळी विकून राहायची. सोमवारी सूर्य डोकावायच्या बेताला दिनानाथांनी ते बोचकं तिच्या पडवीत, बोंबलांच्या टोपल्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. परत येताना त्यांना अगदी हलकं वाटत होतं. आपण निघालो, असं वाटत होतं. त्यांच्या लेखी बराचसा प्रवास झालाच होता.

घरी आले, पाय धुवायला विहिरीवर गेले, तर राहाटाला दोर नाही.

विहिरीच्या तळाशी पाणी शांत होतं. त्यात आभाळाचा एक निळा गोल पडला होता आणि त्या गोलाच्या कडेला दिनानाथांचं डोकं.

"अगं," ते म्हणाले, "दोर बोचक्यात गेला."

चंद्राबाई तुळशीपाशी रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, बोलणार नव्हत्याच. सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालीपर्यंत बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता, नलूच्या जन्माच्याही आधीपासूनचा. त्यांनी कळशी उलटी करून दाखवली, मग बोटानं ठमाबाईच्या घराची दिशा दाखवली.

"आणू? पण उंबऱ्याच्या आत आणायचा नाही ना! विहीर आवारात. आवार उंबऱ्याच्या आत की बाहेर?"

चंद्राबाईंनी कपाळाला हात लावला. तो होकार की नकार, हे दिनानाथांना कळलं नाही. शास्त्राच्या बाबतीत धोका नको म्हणून त्यांनी कळशी घेतली आणि ठमाबाईच्या विहिरीवरून पाणी आणलं. चंद्राबाईंनी तुळशीला ते घातलं, हात जोडले आणि मग पहिलं वाक्य बोलल्या.

"चूल कशानं पेटवू? काड्यापेटीही गेली."

दुपारची आमटी अळणी झाली, कारण मिठाची बरणी दिनानाथांनी बोचक्यात उपडी केली होती. ती अळणी आमटी त्यांनी जमिनीवर बसून खाल्ली, कारण पाट गेला होता. दाढी करायला बसले तर आरसा नव्हता. आणि नाक्यावर वही उघडली तेव्हा शेवटचा घाव बसला: चष्मासुद्धा गेला होता. फुटू नये म्हणून त्यांनीच तो घोंगडीच्या घडीत घातला होता आणि घोंगडी बोचक्यात.

"काय आहे रे टोपलीत?" ते त्या दिवशी प्रत्येकाला विचारत राहिले.

"शेळी हाय, काका," समोर उभ्या असलेल्या शेळीचा मालक दुखावल्या आवाजात म्हणाला.

बुडणाऱ्या माणसाला जे जे लागेल ते ते दिनानाथांनी गोळा केलं होतं. कोरड्या जमिनीवर बसलेल्या माणसालाही तेच लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता भर वस्तीत, चार भिंतींच्या घरात, ते एखाद्या ओसाड बेटावर येऊन पडल्यासारखे झाले होते. आणि त्यांचं सगळं वाचवणारं सामान समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे ठमाबाईच्या पडवीत होतं.

मग ते तिथेच जायला लागले. मंगळवारी सकाळी दाढीला गेले. बोचकं सोडलं, आरसा बोंबलांच्या टोपलीला टेकवला आणि दाढी करून पुन्हा जिथल्या तिथे बांधला. दुपारी वही घेऊन आले, चष्मा लावून वही लिहिली. संध्याकाळी चंद्राबाई पीठ आणि भाजी घेऊन आल्या, कारण मीठ आणि काड्या तिथेच होत्या. ठमाबाईनं चूल दिली. दिनानाथ पाटावर बसून जेवले.

"नाकेदारदादा," ठमाबाई कौतुकानं म्हणाली, "आता दिवेआगर कशाला? हितंच र्‍हावा. हवा बदलली का न्हाय तुमाला?"

"चेष्टा नको, ठमाबाई. मी प्रवासात आहे."

"व्हय तं. दिसतंय ना. लय लांब आलाव."

चंद्राबाई पदराआड हसल्या. समोर खाडी संथ होती. संध्याकाळचा पिवळा उजेड तिच्यावर पसरला होता आणि पलीकडची दिघीची टेकडी कुणीतरी बोटानं पुसून काढल्यासारखी अंधुक दिसत होती. त्या टेकडीच्या पलीकडे, पोफळींच्या सावलीत, आपली नात निजली असेल. चंद्राबाईंनी तिकडे बघत मनात हात जोडले. यांना सुबुद्धी दे. मागण्यासारखं दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

बुधवारी दिवस कलताना दिनानाथ चष्म्यासाठी पडवीत आले, तर बोचक्याच्या जागी टोपल्याच टोपल्या. ठमाबाई मुरूडच्या बाजाराला गेली होती. रघू तेवढा जाळं निवडत बसला होता.

"रघू, माझं बोचकं?"

"पोचवलं!" रघूनं छाती पुढे काढली. "दुपारच्या पान्याला घेऊन गेलू. दिघीला दिवेआगरची गाडी उभीच होती, दिलं त्यात घालून. आत्तापर्यंत नलूतायच्या सासरी गेलंसुदीक."

दिनानाथ खाली बसले.

"कुणी सांगितलं तुला?"

"आत्या बोलली, ह्याला हात लावू नको, नलूच्या सासरला जायचंय हे. मी बोललू, बारशाला जानारं बोचकं म्हंजे बालंतविडाच ना! तो उद्या पोचून काय उपयोग? गाडीवाल्याला चांगलं बजावून सांगितलंय, केसरबायच्या हातात दे, बोल, नाकेदारकाकांकडनं बालंतविडा."

झालं होतं ते असं. बाळंतविडा, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला माहेरून जाणारी झबली, टोपरी, दुपटी, डिंकाचे लाडू, हे सगळं चंद्राबाईंनी एका करंडीत नीट भरून घरी ठेवलं होतं. आणि दिवेआगरला, बारशाला जमलेल्या साऱ्या बायकांच्या देखत, केसरबाई त्या नावानं जे उघडणार होत्या त्यातून निघणार होता विहिरीचा दोर, दोन भोपळे, शंख आणि मिरच्या. वर बोंबलांचा वास.

दिनानाथ धावतच घरी गेले. ऐकता ऐकता चंद्राबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"अहो, केसरबाई काय म्हणतील?"

"लेकीच्या घरी दोर पाठवला म्हणतील! गळ्याला बांधायला!"

"अशुभ बोलू नका. पण म्हणतील खऱ्या."

"नलूला तोंड वर करता येणार नाही गं." दिनानाथ ओटीवर येरझारा घालू लागले. "नातीच्या बारशाला मिरच्या! सगळं गाव हसेल तिला. ही करंडी आत्ताच्या आत्ता जायला पाहिजे. आणि नुसती करंडी नाही, कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे की ते बोचकं तिचं नव्हे, माझं."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

दिनानाथ थांबले. त्यांनी करंडीकडे बघितलं.

"मीच," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "पण पाट गेला, भोपळे गेले. शंखसुद्धा नाही."

"मी आहे ना," चंद्राबाई म्हणाल्या.

"तू तरंगत नाहीस," ते म्हणाले; पण या वेळी त्यांनी तिचा हात धरला होता.

गुरुवारी पहाटे फटफटलं आणि गावावर धुकं उतरलं. माघातलं धुकं. नारळांचे शेंडे तेवढे वर उरले होते, खालचं सगळं दुधात बुडालं होतं. चंद्राबाईंनी कळशी घेतली आणि त्या ठमाबाईच्या विहिरीकडे निघाल्या, तोच धुक्यातून रघूची हाक आली. "काकी, काका, चला बेगीन! पानी उतराय लागलंय, मग मचवा चिखलात बसंल!"

ओहोटी कुणाच्या नेमासाठी थांबत नाही. तुळस कोरडी राहिली. चंद्राबाईंनी तिला हात जोडले, क्षमा मागितली, आणि कळशी उंबऱ्यात ठेवून करंडी उचलली. म्हणजे मौन सुटलं नाही.

दिनानाथ शेवटच्या पायरीपर्यंत नेहमीसारखे आले. तिथे त्यांचे पाय अडले. मागून चंद्राबाईंनी करंडी त्यांच्या हातात दिली. हातात करंडी असलेल्या माणसाला कठडा धरता येत नाही, मागे वळता येत नाही. रघूनं खांद्याला धरलं आणि पुढच्या क्षणी दिनानाथ मचव्यात, फळीवर बसलेले होते.

"रघू," ते डोळे गच्च मिटून म्हणाले, "सुटताना मला सांग हं. आधी सांग."

"व्हय काका," रघू म्हणाला आणि दोरखंड सोडायला मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे गेला.

दिनानाथांनी मनाशी नीट ठरवलं होतं. मचवा धक्क्याला बांधलेला आहे तोवर भ्यायचं काही कारण नाही. बांधलेल्या मचव्यात बसलं काय आणि ओटीवर बसलं काय, सारखंच. भीती सुटल्यावर सुरू करायची. तोवर रामरक्षा. ते पुटपुटू लागले. मचवा किंचित डोलत होता, पण बांधलेला मचवाही डोलतोच. हे ते रोज नाक्यातून बघत होते.

दोरखंड सुटला. सांगायचं असतं हे रघू विसरला. जमिनीवरून येणारा मतलई वारा अलगद शिडात शिरला आणि मचवा धक्क्यापासून निघाला, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं निसटावं तसा, आवाज न करता. मागचा धक्का धुक्यात मिटला. पुढेही काही नव्हतं. वर, खाली, सगळीकडे एकच मऊ पांढरेपणा. मधूनच एखादा बगळा त्यातून निघे आणि त्यातच विरे.

चंद्राबाईंनी नवऱ्याचा दंड दाबला. मचवा सुटला, हे त्यांना सांगायचं होतं. दिनानाथांनी डोळे किलकिले केले. चष्मा नव्हता आणि धुकं होतं. त्यांना चंद्राबाईंचं कुंकू तेवढं दिसलं.

"घाबरलीस?" ते म्हणाले.

चंद्राबाईंनी मान हलवली आणि हातानं मागे, मग पुढे, मग सगळीकडे दाखवलं.

"अगं, धुकं आहे ते. अजून सुटलाय कुठे मचवा! वेडी. हात किती गार पडलाय तुझा."

त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. चंद्राबाई पुन्हा खूण करणार, तोच त्यांच्या लक्षात आलं: दिनानाथांचे हात थरथरत नव्हते. त्यांनी खूण केलीच नाही.

"हे बघ," दिनानाथ समजावणीच्या सुरात म्हणाले, "सुटला की पहिल्यांदा काही कळत नाही. मधोमध गेलं ना, की जरा हेलकावा बसतो. तो बसला तरी भ्यायचं नाही."

मचव्याला हेलकावा बसला.

"हां, असाच. हा कुणाच्या तरी होडीचा असणार, बाजूनं गेली वाटतं. खाडीतला याच्याहून मोठा असतो. मग पलीकडच्या अंगाला पाणी एकदम निवळतं. सगळे सांगतात मला. माणसं उगाच भितात."

बाकीची उतारू मंडळी तोंडात पदर आणि मुंडाशी कोंबून बसली होती. सुकाणूवरच्या रघूनं सांगायला तोंड उघडलं, तर चंद्राबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. रघूनं तोंड मिटलं. दिनानाथ बोलतच राहिले. त्यांनी तिला नलू लहान असताना कशी धक्क्यावर शंख वेचायची ते सांगितलं. नातीचं नाव काय ठेवतील त्याचा अंदाज केला. चंद्राबाईंना वाटलं, इतकं निवांत हे आपल्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. बोलायचं आपल्याला नाही, म्हणूनच बहुधा. खाडी संपूच नये, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं आणि लगेच त्यांनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

मचव्याचा तळ वाळूला घासला.

"रघू!" दिनानाथ चिडून ओरडले. "अरे, ओहोटी लागली ना! किती वेळ बसवून ठेवणार? सुटायचं कधी?"

"काका," रघू म्हणाला, "उतरा आता. दिघी आली."

हसण्याचा जो एकच फवारा उडाला, त्यानं किनाऱ्यावरचे बगळेही उठले. दिनानाथ मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते उतरले. ओल्या वाळूवर उभे राहून त्यांनी पायानं ती दाबून बघितली. मग, सगळी राखून ठेवलेली भीती आता कुठे ठेवावी हे न कळून, ते मटकन खाली बसले. चंद्राबाईंनी वरच्या एका घरातून तांब्याभर पाणी मागून घेतलं, तिथल्याच दारातल्या तुळशीला घातलं आणि खाली येऊन म्हणाल्या, "उठा. गाडी मिळाली आहे. केसरबाईंची समजूत अजून काढायचीय."

दिवेआगरला पोचेपर्यंत ऊन चढलं. पोफळींच्या वाडीत मात्र ऊन गाळूनच येत होतं आणि पाटाचं पाणी झाडांच्या मुळांशी गुणगुणत होतं. दारात केसरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"या व्याही. तुमचा बाळंतविडा काल तिन्हीसांजेला पोचला. शेजारणी बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच उघडला."

दिनानाथांनी करंडी पुढे केली. "विहीणबाई, तो नव्हे. हा. ते माझं होतं. चुकून—"

"चुकून?" केसरबाईंनी त्यांना आत घेतलं. "आम्ही तर म्हटलं, आगरदांड्याची माणसं विचार करून पाठवतात. झबल्यांचा आमच्याकडे ढीग पडलाय. ज्याला त्याला झबलंच सुचतं. पाळण्याचा दोर कुजलाय, हे दहा दिवस मी घरच्यांना सांगतेय, एक माणूस हलला नाही. तुमचा दोर बांधला. दिवस न भरलेलं पोर, दृष्ट काढायला मीठमोहऱ्या लागतात रोज. ओव्याची धुरी दिली, काल पहिल्यांदा बाळंतीण शांत झोपली. ते भोपळे टांगलेत वर, पोरगी टकामका बघते त्यांच्याकडे. फक्त एक सांगा. बोंबलांचा वास कशासाठी असतो?"

चंद्राबाईंनी पदर सावरला आणि सौम्यपणे म्हटलं, "आमच्याकडे त्यानं नजर लागत नाही."

"असेल बाई," केसरबाई म्हणाल्या. "तुमची रीत चांगली आहे."

आतल्या खोलीत, धुरीच्या निळ्या धुरात, नलू बसली होती. तिनं वडलांना पाहिलं आणि दुपट्यातलं गाठोडं त्यांच्या मांडीवर दिलं. कबुतराच्या पिलाएवढी, तांबूस, मुठी मिटलेली. इतक्या हलक्या जिवाला कसं धरायचं ते दिनानाथांना कळेना. त्यांनी हातांची झोळी केली आणि श्वासही जपून घेऊ लागले. पोरीनं एक डोळा उघडला, आजोबांना बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा मिटला.

"बाबा," नलूचा आवाज ओला झाला होता. "मला वाटलं होतं तुम्ही यायचे नाहीत. खाडी कशी होती?"

दिनानाथांनी वर बघितलं. चंद्राबाई दाराशी उभ्या होत्या आणि अगदी मन लावून नखांकडे बघत होत्या.

"खाडी?" ते हळूच म्हणाले, पोर जागी होऊ नये म्हणून. "खरं सांगू? वाटेत कुठे लागलीच नाही गं."